सुपरमॅननं ती अंगठी बॅटमॅनलाच का दिली?

तांबडी माती | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहितो. जरा लांबेल.

सुपरमॅन आणि बॅटमॅन एकाच बाजूचे. तरी दोघांत सारखी धुसफूस का, हा विषय इथं आधीही निघालाय आणि दर वेळी गाडी 'लढले तर जिंकेल कोण' यावर जाऊन अडकलीय. मला ते विचारायचं नाही. मला एका अंगठीबद्दल बोलायचंय.

गोष्ट १९९० सालच्या कॉमिक्समधली. क्रिप्टोनाइट म्हणजे सुपरमॅनच्या फुटलेल्या ग्रहाचा हिरवा दगड. तो जवळ आला की त्याच्या अंगातलं बळ जातं, फार वेळ राहिला तर जीवही जातो. याच दगडाचा खडा बसवलेली अंगठी सुपरमॅनचा कट्टर वैरी लेक्स लूथर बोटात घालून फिरायचा, सुपरमॅननं जवळ येऊ नये म्हणून. पुढं ती अंगठी सुपरमॅनच्या ताब्यात आली. मनात आणलं असतं तर सूर्यात भिरकावून देता आली असती त्याला. त्यानं ती बॅटमॅनकडं नेऊन दिली. कारण असं सांगितलं, की उद्या माझा माझ्यावर ताबा राहिला नाही तर मला थांबवायचं हत्यार अशा माणसाकडं असावं, ज्याच्या हवाली मी डोळे मिटून जीव करू शकतो.

ज्याच्याशी सगळ्यात जास्त खटके उडतात, त्याच्याच हातात.

हे कॉमिक मी पहिल्यांदा बघितलं ते तालमीत, १९९६ च्या आसपास. आम्ही वीस-पंचवीस पोरं होतो. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग आखाडा उकरायचा, मग लढती. दुपारी थंडाई पिऊन आडवं व्हायचं. माझा लढतीचा जोडीदार राधानगरीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, तालमीतच राहायला. मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला. रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या गठ्ठ्यात हे कॉमिक निघालं. इंग्रजी दोघांचंही कच्चं. नुसती चित्रं बघून आम्ही गोष्ट लावायचो. एका चित्रात मक्याचं शेत होतं. ते बघून त्यानं ठरवून टाकलं, "सुपरमॅन मी. ह्यो बी कुणब्याच्या घरात वाढलाय." मग मी उरलो तो बॅटमॅन. तेही बरोबरच होतं. बॅटमॅनचे आई-बाप लहानपणीच गेलेले, माझे वडील मी आठ वर्षांचा असताना गेले. तालमीत हे फक्त त्याला माहीत होतं.

अंगठीचं पान बघून आम्हाला वाटलं, दोस्तीखातर भेट दिलीय. ती कशाची अंगठी आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं. मुलानं ती गोष्ट मोबाइलवर वाचायला दिली. त्या रात्री झोप लागली नाही.

तर माझा प्रश्न. आपलं मर्मस्थान असं दुसऱ्याच्या हातात देणं शहाणपणाचं आहे का? आणि ज्याला दिलं, त्यानं त्याचं काय करायचं?

---

जुनी पानं | शनिवार, रात्री ११.२५

विषय माझ्या आवडीचा काढलात. थोडी मागची संगती लावून देतो, कारण ही जोडी सुरुवातीपासून भांडणारी नव्हती.

सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. दोघं आपापल्या मासिकांत. १९४१ पासून एकाच अंकात दोघांच्या गोष्टी यायला लागल्या, मुखपृष्ठावर दोघं एकत्र हसताना दिसायचे, पण आत पानं वेगळी आणि गोष्टीही वेगळ्या. कानाला एकत्र ऐकू आले ते १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या रेडिओ मालिकेत. तुम्ही म्हणताय तो हिरवा दगडसुद्धा आधी रेडिओवरच आला, १९४३ ला. कॉमिक्समध्ये तो १९४९ ला पोचला.

एकमेकांची खरी ओळख त्यांना १९५२ च्या गोष्टीत कळते. बोटीत गर्दी झालेली असते, म्हणून क्लार्क (म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन) आणि ब्रूस (म्हणजे बॅटमॅन) यांना एकाच केबिनमध्ये राहावं लागतं. अंधारात दोघंही गुपचूप वेश बदलत असतात, तेवढ्यात बाहेरच्या आगीचा उजेड खिडकीतून आत येतो आणि दोघं एकमेकांसमोर उघडे पडतात. (१९५२ म्हटलं की कोल्हापूरकराला हेलसिंकीच आठवणार. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं ते याच वर्षी. तुमचा विषय कुस्तीकडूनच आलाय म्हणून सांगावंसं वाटलं.)

१९५४ पासून दोघं दर अंकात जोडीनं लढायला लागले आणि पुढची तीसेक वर्षं जिवाभावाचे मित्र राहिले. अढी घातली ती १९८६ च्या नव्या मांडणीनं. त्यातली पहिली भेट अशी : सुपरमॅन कायदा मोडणाऱ्या बॅटमॅनला पकडायला त्याच्या शहरात, गॉथमला येतो. बॅटमॅन म्हणतो, मला हात लावलास तर या शहरात एका निरपराध माणसाच्या अंगावर लावलेला बॉम्ब फुटेल. सुपरमॅन थांबतो. नाइलाजानं दोघं मिळून काम तडीस नेतात. शेवटी कळतं, तो बॉम्ब बॅटमॅनच्या स्वतःच्या पट्ट्यात होता.

---

रंकाळ्याची पोर | रविवार, सकाळी ८.०५

मी रात्रीच वाचलो होतो, पण झोपेत काहीतरी लिहायला नको म्हणून थांबलो.

तो पट्ट्यातला बॉम्ब मला अंगठीपेक्षाही मोठा वाटतो. बॅटमॅननं खोटं सांगितलं नव्हतं. एका निरपराध माणसाचा जीव खरोखर टांगणीला होता. फक्त तो माणूस तो स्वतः होता. कुणावर विसंबायची सवयच नाही या माणसाला. जामीन द्यायचा तर दुसऱ्या कुणाचा देणार? स्वतःचाच जीव जामीन ठेवला. आई-बाप डोळ्यांदेखत गल्लीत मारले गेले तेव्हापासून त्याला एकच हिशेब येतो, की जे जाण्यासारखं आहे ते आपलंच असावं.

आता तांबडी मातीदादा, तुमच्या अंगठीबद्दल. सगळे म्हणतात सुपरमॅननं विश्वास दाखवला. दाखवला, मान्य. पण दिलं कुणाला ते बघा की. बॅटमॅनचा एक नेम आहे, कुणाचा जीव घ्यायचा नाही. अगदी समोर कोणीही असो. अशा माणसाच्या हातात मित्रानं आपलं मरण ठेवलं आणि म्हणाला, वेळ आली तर तू. हे केवढं ओझं आहे! देणारा देऊन मोकळा झाला, घेणाऱ्यानं ते रात्रंदिवस सांभाळायचं. माझ्या आजीनं शेवटच्या आजारपणात तिजोरीची किल्ली सहा जणांतून माझ्याकडं दिली होती. तेव्हापासून ती गेली त्या दिवसापर्यंत मी नीट जेवलो नाही. घरात कुणी मोठ्यानं बोललं तरी वाटायचं, माझ्याकडं बघतायत.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : ज्याला दिलं, त्याची झोप जाते.

---

पेठेतला स्टॉपर | रविवार, सकाळी ९.३०

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठेपेठेचा फुटबॉल सामना असला की आदल्या दिवसापासनं बोलणं बंद असतंय. सख्खा मावसभाऊ समोरच्या संघात, त्याला बी गल्लीत ओळख देत न्हाई कुणी. आणि २०१९ च्या पुरात हीच पोरं एका बोटीत व्हती. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची खूण कवाच मागं टाकलीवती. म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बोटीत चढवताना कुणी विचारलं न्हाई तू कुठल्या पेठेचा.

पाणी उतरल्यावर परत तेच सुरू, ते सोडा. पण मला त्या आठ दिवसांत एक कळलं. ज्याच्याशी ईर्ष्येनं खेळतोय त्याचा दम किती, तो कुठं कमी पडतोय, हे मला त्याच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक हाय. बोटीत दोरी कुणाच्या हातात द्यायची हे म्हणून एका क्षणात ठरलं.

---

एसटीचा पास | रविवार, दुपारी १.१५

माझं मत सरळ उलटं आहे. अंगठी देऊ नये.

उद्यमनगरात माझी आणि एका मित्राची भागीदारी होती. दोन लेथ, एक ड्रिल, चार माणसं. काम बघून लोक आमची तुलना करायचे, आणि आम्हा दोघांनाही ती आवडायची. त्याचा हात माझ्यापेक्षा बारीक चालायचा, मी गिऱ्हाईक आणायचो. घरच्या आजारपणासाठी मी काढलेलं कर्ज फक्त त्याला माहीत होतं. एका रात्री वर्कशॉपच्या पायरीवर बसून मी ते त्याला सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा त्यानं नेमका तोच आकडा काढला. "तुला आत्ता पैशाची नड आहे, मी म्हणतो त्या भावात हिस्सा सोड." मला सोडावा लागला.

आणि बॅटमॅन तरी वेगळा काय वागला? २००० सालची गोष्ट जुनी पानं यांनी सांगितली नाही. बॅटमॅननं आपल्याच सगळ्या साथीदारांच्या कमजोऱ्या लिहून फायली करून ठेवल्या होत्या, एकेकाला कसं लोळवायचं त्याच्या योजनांसकट. त्या शत्रूच्या हाती लागल्या आणि मित्र मरता मरता वाचले. शेजारी बसून चहा पिणाऱ्यानं आपल्यावर असं टिपण ठेवलंय हे कळल्यावर माणसाला काय होतं, ते मी भोगलंय.

---

जुनी पानं | रविवार, दुपारी २.५०

एसटीचा पास, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. त्यावर मी काही बोलणं बरं नव्हे.

गोष्टीपुरतं दोन गोष्टी जोडतो. रा'स अल घूल या शत्रूनं त्या फायली वापरल्या तेव्हा बॅटमॅन साथीदारांबरोबर नव्हता, कारण त्याच वेळी त्याच्या आई-वडिलांच्या शवपेट्या थडग्यातून चोरीला गेल्या होत्या. तो त्यांच्या मागावर होता. म्हणजे ज्यानं सगळ्यांच्या कमजोऱ्या लिहून काढल्या, त्याच्या कमजोरीवर शत्रूनं नेमका हात ठेवला. त्याची स्वतःची फाइल कुणी केली नव्हती. करायची गरजच नव्हती, सगळ्यांना दिसतच होती ती.

दुसरं, शेवट. त्याला संघात ठेवायचं की काढायचं यावर मतदान होतं. मतं समसमान पडतात आणि निकाल सुपरमॅनच्या मतावर येतो. सुपरमॅन बोलायच्या आधी बॅटमॅन तिथून निघून गेलेला असतो. त्याला ते मत ऐकायचं नव्हतं. बाकी कुणाचंही मत त्यानं उभं राहून ऐकलं असतं, या एकाचं नाही.

---

पंचगंगा घाट | रविवार, सायंकाळी ६.१०

माझं वय ६८. कॉमिक्स मी वाचलेली नाहीत, नातवाबरोबर सिनेमे बघतो. २०१६ च्या एका सिनेमात हे दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात. बॅटमॅन भाला उगारतो आणि खाली पडलेला सुपरमॅन आईचं नाव घेतो. मार्था. बॅटमॅनच्या आईचंही नाव मार्थाच. तिथं त्याचा हात थांबतो. नातू आणि त्याचे मित्र म्हणाले, आजोबा, या प्रसंगाला सगळं जग हसलंय.

मला हसू आलं नाही. अंबाबाईच्या गावात जन्म गेला माझा. तरुणपणी मारामाऱ्या बघितल्यात मी, दगड उचललेला हात "आई गं" ऐकून खाली आलेला बघितलाय. शत्रूलाही आई असते हे माहीत सगळ्यांना असतं, पण ते ऐकू यावं लागतं.

---

रंकाळ्याची पोर | रविवार, रात्री ९.४५

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

एसटीचा पास दादा, तुमच्या भागीदारानं केलं ते पाप. पण फाइल आणि अंगठी एकात मोजू नका. फाइल म्हणजे न विचारता काढून घेतलेलं. अंगठी म्हणजे आपण होऊन दिलेलं. बॅटमॅनच्या कपाटात दोन्ही होतं. मला वाटतं त्याच्या मनातलं खरं भांडण हेच आहे. त्याला काढून घेता येतं, कुणी दिलेलं घेता येत नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो, १९८५ ची. सुपरमॅनचा वाढदिवस. बॅटमॅन, रॉबिन आणि वंडर वुमन त्याच्या बर्फातल्या घरी भेटी घेऊन जातात. बघतात तर तो पुतळ्यासारखा उभा, छातीला एक विचित्र वेल चिकटलेली. ती वेल ज्याला धरते त्याला त्याच्या मनातलं सगळ्यात खोल सुख दाखवते आणि त्यातच गुंगवून ठेवते. सुपरमॅन काय बघत असतो? राज्य नाही, सत्ता नाही. त्याचा ग्रह, क्रिप्टॉन, फुटलेलाच नाही. त्याचं लग्न झालंय, लहान मुलगा आहे, साधी नोकरी आहे. आणि त्याला आतून कळायला लागतं की हे खरं नाही. तिथून बाहेर यायचं तर त्या मुलाला सोडून यावं लागतं. तो मुलाला जवळ घेऊन सांगतो की तू खरा आहेस असं मला वाटत नाही. मी आई आहे, मला ते पान दुसऱ्यांदा वाचवत नाही.

मग वेल सुटते आणि बॅटमॅनला धरते. त्याला काय दिसतं? तीच गल्ली, तीच रात्र. पिस्तूलवाला समोर. पण या वेळी त्याचे वडील त्या माणसाला लोळवतात. बस्स. एवढंच मागणं आहे त्याचं.

जगातली सगळ्यात ताकदवान म्हणवणारी दोन माणसं, आणि दोघांच्याही तळाशी एक घर आहे जे राहिलं नाही. एकाचा ग्रह गेला, एकाची गल्ली गेली. मला वाटतं म्हणूनच ते एकमेकांना टोचतात. समोरच्याकडं बघितलं की आपलीच जखम दिसते. सुपरमॅन त्या जखमेवर हसून पडदा टाकतो, बॅटमॅन रागावून. दोघांनाही दुसऱ्याची तऱ्हा खटकते.

बॅटमॅननं भेट काय आणली होती माहितीय? मुद्दाम तयार करवून घेतलेली गुलाबाची नवी जात. तिचं नाव ठेवलं होतं 'क्रिप्टॉन'. मारामारीत ती पायाखाली चिरडली जाते. आणि सुपरमॅन म्हणतो, असू दे, बरंच झालं कदाचित.

त्या फुलासाठी तो माणूस किती दिवस मागं लागला असेल! तोंडानं एक शब्द चांगला बोलायचा नाही, आणि फुलाला मित्राच्या बुडालेल्या गावाचं नाव द्यायचं.

---

लोखंडी छाती | रविवार, रात्री १०.३०

मी मार्व्हलवाला, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कॉमिक्सचा चाहता, म्हणून आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिकाची आठवण काढतो. २०१६ च्या सिनेमात टोनीला कळतं, आपल्या आई-वडिलांना कुणी मारलं हे कॅप्टनला आधीपासून माहीत होतं आणि तो गप्प राहिला. टोनी चिडतो तो खुनापेक्षा त्या गप्प राहण्यावर. शेवटी कॅप्टन ढाल तिथंच टाकून जातो. ती टोनीच्या वडिलांनी बनवलेली असते. नंतर एक पत्र येतं आणि एक साधा फोन, गरज लागली तर लाव म्हणून. अंगठीसारखंच आहे हे, फक्त फोन लावायला त्यांना फार उशीर होतो.

---

तांबडी माती | सोमवार, रात्री ११.५५

दिवसभर चार वेळा लिहून पुसलं. रंकाळ्याच्या पोरीनं गुलाबाचं लिहिलं नसतं तर आजही लिहिलं नसतं.

माझ्या जोडीदाराचा डावा खांदा उतरायचा. पहिल्यांदा उतरला तो गावाकडच्या एका मैदानात. मग दोनदा तालमीत, रात्री झोपेत कूस बदलताना. दोन्ही वेळा मीच उठून धरला. वस्तादांना सांगू नको म्हणाला. कळलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं. त्याच्या घरी दूध विकून त्याचा खुराक चालायचा. एवढं सगळं फुकट जाणार म्हणून अंधारात रडला. रोज माझ्या पाठीवर बसून मला माती चारणारा गडी लहान पोरासारखा रडला. मी शब्द दिला.

दोन वर्षं आम्ही रोज लढलो. मी कधी डावीकडून गेलो नाही. वस्ताद ओरडायचे, "अरे, डावी बाजू मोकळी हाय त्याची, दिसत न्हाई का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. आणि मनात जळायचोही. खासबाग मैदानात त्याची कुस्ती लागली की टाळ्या त्याला. माझ्यापेक्षा उशिरा आलेला, खेड्यातून आलेला, आणि सगळे म्हणायचे, हा पुढं जाणार. मी त्याचं गुपित सांभाळत होतो आणि त्याच गुपितामुळं तो माझ्या पुढं होता, असं मला वाटायला लागलं.

मग जिल्ह्याची निवड चाचणी आली. माती गट, एकच वजन, शेवटची कुस्ती आमच्या दोघांत. सहा-सात मिनिटं कुणीच कुणाला हलेना. मग मी त्याचा डावा हात बगलेत आवळला आणि ढाक हा डाव लावला. खांदा उतरलेला मला माझ्या बरगडीवर कळला. तो चितपट झाला.

उठला. डावा हात लोंबत होता. उजव्या हातानं त्यानं माझा हात धरून वर केला आणि मैदानाला फिरवून दाखवला.

एवढ्यावरच संपत नाही. मैदानात निवेदक नाव पुकारताना 'अमक्याचा पोरगा' म्हणतात. वडिलांचं नाव कानावर पडलं की माझे पाय गळायचे. हे फक्त त्याला माहीत होतं. तो दर मैदानात आधी जाऊन निवेदकाला सांगायचा की याला वस्तादांचा पठ्ठा म्हणून पुकारा. मला न सांगता करायचा हे. त्या चाचणीच्या दिवशीसुद्धा मला वस्तादांचा पठ्ठा म्हणूनच पुकारलं. म्हणजे माझ्याशी लढायच्या आधी तो तिथं जाऊन आला होता.

माझी अंगठी त्यानं अशी वापरली. त्याची मी अशी.

राज्याला गेलो आणि दुसऱ्या फेरीत हरलो. तो पुढच्या दोन महिन्यांत तालीम सोडून गावी गेला. तेव्हापासून बोललो नाही. २७ वर्षं झाली.

---

एसटीचा पास | मंगळवार, सकाळी ६.४०

रात्री वाचलं. माझ्या भागीदाराच्या जागी तुम्ही दिसलात आणि आधी राग आला, खरं सांगतो. मग वाटलं, त्यालाही कुठं तरी असंच लिहून पुसावं लागत असेल का? आजवर असं कधी मनात आलं नव्हतं.

---

हाडं आणि सांधे | मंगळवार, सकाळी ११.२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुस्तीगीर बरेच येतात माझ्याकडं. विशीच्या आत एकदा खांदा निखळला की तो पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते. सांध्याच्या खोबणीची कड फाटलेली असते आणि ती आपोआप पूर्ववत होत नाही. झोपेत निखळत होता म्हणजे खूप सैल झाला होता. तुम्ही ढाक लावली नसती तरी तो खांदा त्या वर्षी कुस्तीत टिकला नसता.

हे तुम्हाला मोकळं करायला लिहीत नाही. पण तुमच्या मनात जर असं असेल की त्याची कुस्ती तुम्ही संपवली, तर तेवढं खरं नाही. तेव्हाच कुणी डॉक्टरला दाखवलं असतं तर शस्त्रक्रियेनं बरा होण्यासारखा होता. गुपित सांभाळण्यानंही नुकसान झालं, दोघांच्या हातून.

---

पंचगंगा घाट | मंगळवार, दुपारी ४.००

बाळ, नंबर मिळव त्याचा.

---

पेठेतला स्टॉपर | मंगळवार, दुपारी ४.२०

काका म्हणतात तेच. आणि भावा, मेसेज नको पाठवू. बोल.

---

तांबडी माती | शुक्रवार, रात्री ९.१०

तालमीतल्या एकाकडून नंबर मिळाला. बुधवारी लावला नाही. काल लावला.

आवाज ओळखला त्यानं. पहिली दहा मिनिटं ऊस, पाऊस, तोड कधी येणार, हेच. मग मी सांगितलं, की त्या दिवशी मी ठरवून डावीकडून आलो.

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला ठावं हाय. हातात हात घातलास तवाच कळलं. तुझी नजर खांद्यावर व्हती. मी फिरू शकलो असतो की उजवीकडं. पर फिरलो असतो तर वस्तादास्नी कळलं असतं खांदा कुठला त्यो. म्हणून ऱ्हायलो तसाच."

मी विचारलं, राग आला होता का?

"लई. धा-बारा वर्सं तरी. तुझं नाव काढलं की बायकोला सुदिक कळायचं."

मी माफी मागितली. त्यानं 'असू दे' म्हटलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. निवेदकाचं विचारलं तर म्हणाला, "त्यात काय, तुला पाय लटपटत हरवून मला काय मिळणार व्हतं?"

मग आपण होऊन सांगितलं, धाकटा पोरगा तेरा वर्षांचा आहे, तालमीत जायचं म्हणतोय. एकट्याला पाठवायला मन धजत नाही. मी म्हटलं, माझ्याकडं राहील, पण आधी दोन्ही खांदे डॉक्टरला दाखवू. त्यावर हसला.

हाडं आणि सांधे, तुमच्या दवाखान्याचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपानं कळवा. रविवारी पहिल्या एसटीनं दोघं येतायत. मी स्टँडवर न्यायला जातोय.